पावसात राजमाचीला ग्रुपने मुक्कामी जायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने

पावसातला पहिला मुक्कामी ट्रेक कुठे करावा असं कोणी विचारलं तर मी लोणावळ्याजवळचा राजमाची किल्ला सांगतो. लोणावळ्याहून जाणारी वाट म्हणजे कच्चा गाडीरस्ताच आहे, त्यामुळे दहा फुटांपुढचं दिसत नाही अशा धुक्यातही ती सहसा सुटत नाही, आणि शेवटी उधेवाडी गाव आहे जिथे पक्कं छप्पर, पेटलेली चूल आणि गरम जेवण मिळतं. टेंट लागत नाही, गुहेत ओल्या जमिनीवर झोपावं लागत नाही. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले गावाच्या डोक्यावरच आहेत, पाऊस उघडला तर वर जायचं, नाही उघडला तर ओट्यावर बसून चहा प्यायचा, ट्रेक फुकट गेला असं होत नाही.

पण नवीन लोक जातात आणि हाल होतात ते बहुतेक दोनच कारणांनी. एक म्हणजे मुक्कामी पोचायला अंधार होतो, आणि दुसरं म्हणजे पोचल्यावर अंगात घालायला कोरडं काही उरलेलं नसतं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं फिरून फिरून या दोन गोष्टींवरच येतं. उजेडात पोचा आणि एक जोड कोरडा ठेवा.

आधी वाट ठरवा

वाटा दोन आहेत. एक लोणावळ्याहून, तुंगार्ली धरणावरून, साधारण १५-१६ किलोमीटर, चढउतार आहेत पण मोठा चढ असा नाही. दुसरी कर्जतकडून, कोंदिवडे गावातून कोंढाणे लेण्यांवरून थेट वर चढणारी, अंतराने खूप कमी पण चढ दमवणारा आणि पावसात निसरडा. बरेच ग्रुप लोणावळ्याहून येतात आणि दुसऱ्या दिवशी कोंदिवड्याला उतरून कर्जतची लोकल पकडतात, मुंबईकरांना ते सोयीचं पडतं म्हणून.

माझं मत विचाराल तर जुलै-ऑगस्टमधे नवीन माणसं बरोबर असताना हे करू नका. ओल्या दगडावरून चढणं आणि उतरणं यात फार फरक आहे, उतरताना गुडघे थकलेले असतात, आदल्या दिवशीची १५ किलोमीटरची चाल पायात असते, आणि शेवाळलेल्या दगडावरून एकाचा पाय घसरून घोटा मुरगळला की त्या माणसाला खाली आणणं हे आठ-दहा जणांचं काम होऊन बसतं. शिवाय धुक्यात त्या बाजूला ढोरवाटांमुळे चकवा लागतो. जसे आलात तसेच लोणावळ्याला परत जा, अंतर जास्त वाटेल पण पाय कुठे पडतोय ते माहिती असतं. कोंढाणे लेणी बघायचीच असतील, आणि ती बघावीच कारण इसवी सनाच्या आधीपासूनची बौद्ध लेणी आहेत, तर वेगळा एक दिवस काढून कोंदिवड्याहून फक्त लेण्यांपर्यंत जाऊन या.

तारीख कशी निवडायची

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात राजमाचीला काजवे बघायला प्रचंड गर्दी असते, आणि वळवाचा पाऊस म्हटलं की विजा पण जास्त. जुलै ते मध्य ऑगस्ट हा सगळ्यात जोरदार पाऊस. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमधे पाऊस सरींनी पडतो, मधे मधे उघडीप मिळते, सोनकीची पिवळी रानफुलं फुललेली असतात, आणि ओढे पण आटोक्यात आलेले असतात. पहिल्या वेळेला हाच काळ धरा. १५ ऑगस्टच्या आसपासचा लाँग वीकेंड मात्र टाळा, लोणावळ्यातून बाहेर पडायलाच दोन-तीन तास जाऊ शकतात, आणि सकाळी गेलेले ते तास शेवटी संध्याकाळच्या अंधारात वसूल होतात.

हवामान बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा, पुण्याचा अंदाज बघून लोणावळ्याला जाऊ नका. पुणे शहरात वर्षभरात साधारण ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि लोणावळ्यात ४००० च्या पुढे. हवामान खातं घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं, तो बघायचा. त्यांच्या हिशोबात २४ तासात ११५.६ मिमीच्या पुढे गेला की अति जोरदार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार. घाटाला ऑरेंज किंवा रेड असेल तर ट्रेक रद्द, यावर चर्चा नाही. हे आधीच, पैसे गोळा करायच्याही आधी ग्रुपवर लिहून टाका की शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी पहाटे इशारा बघणार आणि ऑरेंज दिसला तर जाणार नाही, म्हणजे ऐनवेळी 'आता सगळे तयार आहेत तर जाऊया ना' असं म्हणणाऱ्याला उत्तर तयार असतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली ती असाच सलग पाऊस सुरू असताना आली. तिथे तर लोक वर्षानुवर्षं राहत होते, डोंगर त्यांच्या ओळखीचा होता. आपण तर एका रात्रीचे पाहुणे.

अजून एक. पावसाळ्यात पुणे आणि रायगडचे जिल्हाधिकारी बऱ्याच धबधब्यांवर, धरणांवर, किल्ल्यांवर बंदीचे किंवा वेळेचे आदेश काढतात. जायच्या आठवड्यात काय आदेश आहे ते बातम्यांमधे बघा, आणि ज्यांच्याकडे राहणार आहात त्यांना फोन करून विचारा, त्यांना खरी परिस्थिती माहिती असते.

माणसं

आठ ते बारा जण ठीक. वीस-पंचवीस जणांचा ग्रुप पावसात सांभाळता येत नाही, पुढचे आणि मागचे यांच्यात अर्धा तासाचं अंतर पडतं आणि धुक्यात कोण कुठे आहे तेच कळत नाही. त्यात निदान दोघं तरी असे हवेत की ज्यांनी ही वाट आधी पावसात केलेली आहे. एक पुढे, एक शेवटी. शेवटच्या माणसाचं काम एकच, त्याच्या मागे कोणी राहता कामा नये, मग कोणी लेस बांधायला थांबलं, कोणी झुडपामागे गेलं, कोणाचे फोटो चाललेत, काही असो, तो थांबणार. हे काम सगळ्यात धीराच्या माणसाला द्या, सगळ्यात फास्ट चालणाऱ्याला नको. वेग ठरवणार सगळ्यात हळू चालणारा माणूस, आणि हे त्याला ओझं वाटू न देता करायचं असतं, सरळ त्यालाच पुढच्या माणसाच्या मागे दुसऱ्या नंबरवर चालायला लावा, आपोआप सगळे त्याच्या चालीने चालतात.

परत फिरायचं की नाही हा निर्णय कोणाचा ते आधी ठरवा. एकाच माणसाचा. पावसात भिजत उभं राहून बारा जणांचं मतदान घ्यायची वेळ येऊ देऊ नका.

जाण्याआधी दोन आठवडे तरी प्रत्येकाने एकदा सॅक पाठीला लावून चालून बघावं. पुणेकरांना सिंहगड पायथ्यापासून आहेच, मुंबईकरांनी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेटपासून कान्हेरीपर्यंत चालत जाऊन यावं. ज्याला ते जड गेलं त्याला प्रेमाने सांगा की या वेळेला नको, पुढच्या वेळेला. दमा, शुगर, बीपी, फिट येणं, मधमाशीची अॅलर्जी यातलं काही असेल तर निदान लीडरला माहिती पाहिजे, आणि त्या माणसाच्या गोळ्या सॅकच्या कुठल्या कप्प्यात आहेत ते पण.

घरी एका माणसाकडे सगळ्यांची नावं, घरचे नंबर, वाट आणि मुक्कामाच्या घराचा नंबर लिहून ठेवा. त्यांना वेळ पण सांगा, म्हणजे 'रविवारी संध्याकाळी ७ पर्यंत फोन नाही आला तर आधी उधेवाडीत फोन कर, मग ११२ ला'. राजमाचीला रेंज कधी असते कधी नसते, त्यामुळे घरच्यांनी दुपारी चारलाच घाबरू नये म्हणून ही वेळ आधी ठरलेली बरी. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र म्हणून रेस्क्यू करणारी टीम आहे, खूप वर्षं हे काम करतायत आणि सगळे स्वयंसेवक आहेत, स्वतःची नोकरी-धंदा सांभाळून रात्री-अपरात्री दरीत उतरणारे. त्यांचा चालू नंबर शोधून लिहून घ्या.

राहायचं घर

गावात बऱ्याच घरात राहायची आणि जेवायची सोय होते. किमान चार-पाच दिवस आधी फोन करा, किती जण, शाकाहारी किती, चिकन हवं का, किती वाजता पोचणार. जुलैत लावणी चालू असते, घरातले सगळे दिवसभर खाचरात असतात, चिखलात कमरेतून वाकून काम करून आलेल्या मावशींना संध्याकाळी अचानक बारा जणांच्या भाकऱ्या थापायला लावणं बरोबर नाही. माणशी किती, त्यात काय काय, हे फोनवरच स्पष्ट विचारा, आणि तिथे गेल्यावर घासाघीस करू नका. पैसे रोख न्या, रेंज नसेल तर मोबाईलवरून पैसे जाणार कसे. आधी थोडे पैसे पाठवून ठेवलेत आणि ट्रेक रद्द झाला तर ते परत मागू नका असं मला मनापासून वाटतं, त्यांनी तुमच्यासाठी सामान भरून ठेवलेलं असतं.

फोनवरच आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. वाटेतले ओढे कसे आहेत, आणि गरज पडली तर गावातून किंवा लोणावळ्यातून जीप मिळू शकते का.

सॅक भरणं

सॅकचं रेन कव्हर हे सरींसाठी ठीक आहे, सहा तासांच्या पावसाला ते पुरत नाही, पाठीकडून पाणी आत जातंच. त्यामुळे कव्हर असो नसो, सॅकच्या आत कचऱ्याची मोठी जाड काळी पिशवी घाला, एकात एक दोन घातल्या तर उत्तम, आणि सगळं सामान त्या पिशवीत. मग तोंड पिळून, दुमडून, रबर बँड लावा. त्या मोठ्या पिशवीच्या आत सगळ्यात तळाशी कोरडा जोड, तो पुन्हा स्वतःच्या वेगळ्या पिशवीत: एक फुल टीशर्ट, एक ट्रॅक पँट, आतले कपडे, मोज्यांचे दोन जोड, एक पातळ स्वेटर किंवा फ्लीस, कानटोपी, छोटा पंचा. ही पिशवी मुक्कामाचं घर येईपर्यंत उघडायची नाही. वाटेत कितीही थंडी वाजली तरी त्यातले कपडे पावसात अंगावर चढवायचे नाहीत, कारण ते अर्ध्या तासात ओले होतात आणि मग रात्रीसाठी काही उरत नाही. चालताना थंडी वाजली तर थोडं भराभर चाला, काहीतरी गोड खा. त्यानेही भागलं नाही तर पुढे थंडीचं लिहिलंय तसं करा, तो एवढाच अपवाद.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच ओले, गार कपडे घालून निघायचं. नवीन लोकांना हे सांगितलं की तोंड वाकडं होतं, पण दहा मिनिटं चाललं की अंग गरम होतं आणि कोरडा जोड प्रवासासाठी शिल्लक राहतो.

जीन्स अजिबात नको, भिजली की जड होते, मांड्या सोलवटतात आणि दोन दिवस वाळत नाही. सुती टीशर्टही नको, जिममधे घालतात तसले पॉलिस्टरचे चालतात. छत्री लोणावळ्याच्या बाजारापर्यंत ठीक, पुढे वारा तिला टिकू देत नाही आणि एक हात अडकून राहतो. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, सॅकवरून येतो म्हणून चांगला, पण वाऱ्यात फडफडतो, तेव्हा कमरेला दोरी बांधा. आणि हे मान्य करूनच निघा की अंग भिजणारच आहे. रेनकोट वारा अडवायला असतो, अंग कोरडं ठेवायला त्याच्यावर अवलंबून राहू नका.

बूट. खाली खोल खाचा असलेला रबरी सोल पाहिजे. महागडे वॉटरप्रूफ बूट घेऊ नका, पाणी वरून घोट्यातून आत जातं आणि मग बाहेर पडत नाही. अॅक्शनचे ट्रेकिंग शूज सह्याद्रीत कितीतरी वर्षं लोक वापरतायत, स्वस्त आहेत, ओल्या कातळावर पकड चांगली आहे. धावायचे गुळगुळीत झालेले बूट, फ्लोटर्स, क्रॉक्स यावर येऊ नका. नवीन बूट असतील तर आठवडाभर घरात, सोसायटीत घालून फिरा. पायाच्या बोटांमधे आणि मांड्यांना आतून निघताना व्हॅसलिन लावा, पाणी आणि घर्षण यानेच सगळे फोड येतात.

बाकी सामान पटकन सांगतो. प्रत्येकाकडे टॉर्च, डोक्याला लावायचा असेल तर फारच चांगलं, आणि जास्तीचे सेल. मोबाईलचा टॉर्च हा टॉर्च धरायचा नाही. शिट्टी. दोन लिटर पाणी. स्वतःचं ताट, वाटी, मग. हलकी चादर किंवा स्लीपिंग बॅग, तीही पिशवीत. मोबाईल आणि पॉवर बँक झिप लॉक पिशवीत. ओळखपत्र. ग्रुपमधे मिळून एक प्रथमोपचाराची डबी ज्यात क्रेप बँडेज, चिकटपट्टी, ड्रेसिंग, पॅरासिटामॉल, ओआरएस आणि पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध असेल. खाऊ म्हणून गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, थेपले, म्हणजे जे पावसात एका हाताने चालता चालता खाता येईल असं.

एकूण वजन सहा-सात किलोच्या वर जात असेल तर काहीतरी काढा.

निघायची वेळ

बरेच लोक शेवटच्या गाडीने लोणावळ्याला उतरून रात्रभर चालतात. उन्हाळ्यात चांदण्यात ते छान आहे, पावसात नवीन लोकांनी करू नये, ओढ्याला पाणी किती आहे हेच टॉर्चच्या उजेडात कळत नाही. सकाळी निघा. पुण्याहून पहाटेची लोणावळा लोकल, मुंबईहून इंद्रायणी, आणि नाश्ता करून साडेनऊच्या आत चालायला सुरुवात. कोरडी असताना ही वाट चार-साडेचार तासांची आहे, पावसात नवीन ग्रुपला सहा तास धरा, म्हणजे अगदी रमत गमत गेलात तरी चार-साडेचारला उधेवाडी. पावसाळ्यात ढग उतरले की सूर्य मावळायच्या तासभर आधीच काळोखल्यासारखं होतं, म्हणून शेवटची मर्यादा साडेपाच. दुपारी एक वाजेपर्यंत अर्ध्यावर पण पोचला नसाल तर थांबून नीट विचार करा, अजून परत फिरायला उजेड हातात असतो.

घाटात दरड आली की गाड्या रद्द होतात किंवा तासन् तास थांबतात. गाडीच तीन तास उशिरा पोचली तर ट्रेक नको, त्या दिवशी लोणावळ्यातच फिरा किंवा परत जा.

चालताना

स्टेशनपासून तुंगार्लीपर्यंत गावातला रस्ता आहे, धरणाच्या पुढे खरी वाट सुरू होते. पुढे वळवंडकडे उतरणारी वाट वेगळी होते, तिथे पुढच्याने सगळे येईपर्यंत थांबायचं. प्रत्येक फाट्यावर हाच नियम: मागचा दिसल्याशिवाय पुढचा हलत नाही. दर तासाला पाच मिनिटं थांबा, जास्त नको, अंग गार पडतं. थांबलं की मोजणी, मोठ्याने, एक दोन तीन करत. पाणी प्या. पावसात तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि मग चार वाजता पायात गोळे येतात.

आता ओढे. वाटेत काही ओढे रस्त्यावरून वाहतात, एरवी घोट्याएवढं पाणी असतं आणि मुलं त्यात खेळतात. जोरदार सर आली की तेच पाणी अर्ध्या तासात मांडीला लागतं. आधी पाण्याचा रंग बघा. पाणी नितळ असेल, तळ दिसत असेल, गुडघ्याच्या बरंच खाली असेल तर ओलांडता येतं. चहासारखं गढूळ असेल, त्यातून काटक्या, पानं वाहत येत असतील, किंवा दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर वरती पाऊस वाढलाय, थांबा. काठावर एक दगड ठेवून खूण करा आणि बघत राहा पाणी वर चढतंय का उतरतंय. सह्याद्रीतले हे ओढे लहान असतात, त्यांना पाणी पुरवणारा डोंगर पण लहान, त्यामुळे पाऊस थांबला की तास-दोन तासात पाणी उतरतं. तेवढा वेळ नसेल तर परत फिरायचं. ओढ्याच्या लगेच खाली उतार तुटत असेल, धबधबा असेल, तर पाणी कमी असलं तरी तिथून ओलांडू नका, वर रुंद पसरट जागा शोधा.

ओलांडताना बूट पायातच ठेवा, अनवाणी पाय दगडात अडकतो. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवा म्हणजे पडलात तर सॅक झटकन काढून टाकता येते. तोंड पाणी येतंय त्या बाजूला, हातात काठी, पाऊल तिरकं तिरकं टाकत, एक पाय पक्का झाल्यावरच दुसरा उचलायचा. दोघं-तिघं एकमेकांचे खांदे धरून गेलात तर जास्त चांगलं. दोर असेल तरी नवख्यांनी स्वतःला बांधून पाण्यात उतरू नका, पाय घसरला तर दोर ताणला जातो आणि पाणी माणसाला खाली दाबून धरतं. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. लोणावळ्यात त्या दिवशी तुमच्याआमच्यासारखेच लोक फिरायला आले होते. पाणी वाढायला लागलं की बाहेर पडायला वेळ मिळत नाही, एवढं त्यातून लक्षात ठेवा आणि वाटेतल्या प्रत्येक धबधब्याखाली फोटोसाठी उभं राहायचा आग्रह सोडा.

कातळधार धबधबा फोटोत बघून सगळ्यांना तिथे जायचं असतं. तो दरीत खाली आहे, वाट घसरडी आहे, दगड पडतात. पहिल्या पावसाळी मुक्कामात तो कार्यक्रम ठेवू नका.

थंडी ओळखा

लोणावळ्यात बर्फ पडत नाही म्हणून थंडीचा धोका कोणी मनावर घेत नाही. पण तापमान २०-२२ असलं तरी पाच तास ओल्या कपड्यात आणि घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात अंगातली ऊब निघून जाते. आधी हुडहुडी भरते, मग माणूस गप्प होतो, बोलताना जीभ जड होते, सपाट वाटेवर ठेचकाळायला लागतो, सॅकची क्लिप लावता येत नाही. ग्रुपमधला बडबड्या माणूस अचानक शांत झाला तर त्याच्याजवळ जाऊन दोन-चार प्रश्न विचारा. अशा वेळी आडोसा बघा, ओले कपडे काढा, त्याची कोरड्या जोडाची पिशवी आता उघडा, वरून पोंचो, कानटोपी, गुळाचा खडा, गरम काही असेल तर ते. दारू अजिबात नाही, तिने अंग गरम झाल्यासारखं वाटतं पण उलट ऊब बाहेर जाते. आणि त्या माणसाला एकटं मागे ठेवायचं नाही, एकटं पुढे पाठवायचं नाही.

मुक्कामी पोचल्यावर

ओट्यावर पाय ठेवला की चहाच्या आधी कपडे बदला. सगळ्यांचं तेच पहिलं काम. ओले बूट, सॅक, पोंचो बाहेर पडवीत, घर मातीने सारवलेलं असेल तर आत पाण्याची थारोळी करू नका. पाय नीट पुसा, बोटांमधे पण, फोड आले असतील तर आत्ताच बघा. बूट उपडे करून ठेवा आणि सकाळी घालायच्या आधी जोरात झटका, पावसाळ्यात खेकडा, विंचू, कधी साप पण कोरड्या जागेच्या शोधात येतो. रात्री बाहेर जायचं झालं तर टॉर्च आणि बूट घालूनच, जोडीने.

मावशी चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या भाजत असतात, त्या वेळेला आत बसायला मिळालं तर बसा. पिठलं, भाकरी, भात, आमटी, ठेचा, असं जेवण असतं आणि दिवसभर भिजून आल्यावर त्या गरम पिठल्याची चव काही वेगळीच लागते. कपडे वाळवायला चुलीच्या वरची जागा मागू नका, तिथे त्यांचं स्वतःचं सामान वाळत असतं. स्पीकर, दारू, मध्यरात्रीपर्यंत आरडाओरडा यातलं काहीही नको, त्यांना पहाटे उठून शेतावर जायचं असतं. प्लास्टिकचा एकूण एक कागद परत घेऊन जायचा, गावात कचऱ्याची गाडी येत नाही.

सकाळी पाऊस उघडला असेल, धुकं थोडं हललं असेल आणि गावातले कोणी 'जा' म्हणाले तर श्रीवर्धनवर जाऊन या. भैरवनाथाच्या देवळापाशी दोन्ही बालेकिल्ल्यांच्या मधली खिंड आहे, तिथून अर्धा-पाऊण तासाचा चढ. बोरघाटावर नजर ठेवणारा हा किल्ला, शिवाजी महाराजांनी १६५७ मधे घेतला, १८१८ ला इंग्रजांकडे गेला, आणि वर उभं राहिलं की तो का एवढा महत्त्वाचा होता ते समजतं, कोकणातून वर येणारी वाट डोळ्यासमोर असते. समोर ढाकचा डोंगर. बुरुजाच्या कडेला, तटावर ओल्या गवतात उभं राहू नका, गवताखाली दगड आहे का पोकळी ते दिसत नाही. गडगडायला लागलं की लगेच खाली या, विजांसाठी दामिनी ॲप आहे पण वर रेंज मिळाली तरच उपयोग. पाऊस असेल तर गावाजवळच्या तळ्याकाठचं जुनं शंकराचं देऊळ बघा, ते पावसात उलट जास्तच सुंदर दिसतं. खाचरांच्या बांधावरून चालायचं झालं तर विचारून, ओला बांध पायाने ढासळतो आणि त्यांचं पाणी वाहून जातं.

परत

रविवारी दहाच्या आत निघा. निघताना गावातून ओढ्यांची चौकशी करा, रात्रभर पाऊस झाला असेल तर काल घोट्याएवढा होता तो ओढा आज तसा नसेल. पाणी उतरेना आणि अंधार होणार असं दिसलं तर जीपची चौकशी करा किंवा सरळ आणखी एक रात्र राहा, सोमवारची सुट्टी मागायला लाजू नका. म्हणूनच गोळ्या असणाऱ्यांनी एक दिवसाच्या जास्तीच्या आणाव्या आणि लीडरकडे एका रात्रीच्या जेवणाचे जास्तीचे पैसे रोख असावेत.

लोणावळ्यात पोचलात की घरी ठरलेल्या माणसाला पहिला फोन, मग कोरडे कपडे, मग खाणं.

घरी गेल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर काही तासांनी बदला, उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका, सोल निघतो. सॅक उलटी करून वाऱ्यावर टांगा. पायाला कुठे खरचटलं असेल तर स्वच्छ धुवून औषध लावा, कारण खाचरातल्या आणि रस्त्यावरच्या पाण्यात गुरांचं, उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार त्यातूनच होतो. त्याचा ताप लगेच येत नाही, बरेचदा आठवडा-दोन आठवड्यांनी येतो, तोपर्यंत ट्रेक विसरायला झालेलं असतं. पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या खूप दुखल्या, डोळे लाल झाले तर घरी क्रोसिन घेत बसू नका, डॉक्टरांना आपणहून सांगा की पावसात चिखलपाण्यातून चालून आलोय, आणि ग्रुपवर पण टाका म्हणजे बाकीचे लक्ष ठेवतील.